त्याच्या नावाचा हप्ता

गाडीला किरकोळ धक्का लागला की दोन सल्ले घरबसल्या मिळतात. एक म्हणतो, क्लेम टाका, नाहीतर दरवर्षी पैसे भरता कशाला? दुसरा म्हणतो, क्लेमच्या फंदात पडू नका, एनसीबी जाईल, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, नो क्लेम बोनस, जाईल. दोघंही आपल्या भल्याचंच सांगत असतात, पण कागद-पेन घेऊन बसलेला त्यांच्यात सहसा कुणी नसतो. मी बसले. गाडीपुरता प्रश्न अर्ध्या तासात सुटला. ज्या प्रश्नाने माझी झोप उडवली, माझ्या गाडीचा धक्का लागून पडलेल्या दुचाकीस्वाराचा, तो त्या कागदावर नव्हताच, आणि मला लिहायचं आहे ते त्याच्याबद्दल. तरी गाडीचा हिशोब आधी सांगते, कारण तो बऱ्याच जणांना उपयोगी पडेल.

आपण ज्याला 'फुल इन्शुरन्स' म्हणतो त्या पॉलिसीत दोन वेगळे विमे असतात. ओन डॅमेज, म्हणजे ओडी, हा आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. थर्ड पार्टी हा आपल्या गाडीमुळे दुसऱ्या कुणाला इजा झाली, कुणाचं काही मोडलं, तर त्याचा. पहिला ऐच्छिक, दुसरा कायद्याने सक्तीचा. नो क्लेम बोनस मिळतो तो फक्त ओडीच्या हप्त्यावर. एक वर्ष क्लेम घेतला नाही तर २० टक्के सूट, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५०. त्याच्या वर ती जात नाही. एक क्लेम घेतला की ५० वरून थेट शून्य.

आमची गाडी सहा वर्षांची, १२०० सीसीची. सूट धरण्याआधी ओडीचा हप्ता साधारण ८,००० रुपये. आमचा एनसीबी ५० टक्के, म्हणून भरायचे ४,०००. क्लेम घेतला तर पुढच्या वर्षी पूर्ण ८,००० भरायचे, म्हणजे तोटा चार हजारांचा, असं नवरा म्हणाला. बहुतेक लोक इथेच थांबतात. पण त्याच्या पुढच्या वर्षी सूट परत ५० होत नाही, २० होते. म्हणजे त्या वर्षी तीस टक्के जातात. तिसऱ्या वर्षी सूट २५, म्हणजे २५ टक्के गेले. चौथ्या वर्षी ३५, म्हणजे १५ गेले. पाचव्या वर्षी ४५, म्हणजे ५ गेले. सगळ्यांची बेरीज १२५ टक्के, पूर्ण ओडी हप्त्याच्या सव्वापट. आमचे झाले १०,०००, आणि हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी धरला की ११,८००. गाडीची किंमत वर्षागणिक उतरते तसा ओडीचा हप्ताही उतरतो, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा थोडा कमी येईल. मधल्या काळात दुसरा क्लेम घ्यावा लागलाच तर आणखी कमी. पण सव्वापट हा अंदाज मनाशी ठेवायला बरा.

आता दुसरी बाजू. वर्कशॉपमधल्या मुलाने डाव्या फेंडरच्या पोच्यावर बोटाने ठोकून पाहिलं, बंपरच्या कडेतून हात आत घालून तुटलेली क्लिप चाचपली, हेडलाइट धरून हलवला. हेडलाइटचा बसवायचा एक कान तुटला होता. 'कान तुटला की पूर्ण असेंब्ली बदलतो आम्ही,' तो म्हणाला. एस्टिमेट आलं १७,८०० रुपयांचं: बंपर ३,२००, हेडलाइट ४,६००, फेंडर २,०००, तीन पॅनेलचं पेंटिंग ६,००० आणि मजुरी २,०००.

पॉलिसीत झिरो डेप, म्हणजे भागांची घट न कापता पैसे देणारी जोड, नसेल तर कंपनी हे सगळे पैसे देत नाही. प्लास्टिक आणि रबराच्या भागांचे निम्मे कापले जातात. पत्र्याच्या भागांची घट गाडीच्या वयावर असते. पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के. पेंटिंगच्या बिलातला पाव हिस्सा सामानाचा धरतात आणि त्याचे निम्मे वजा करतात. काचेला घट नाही, पण हल्लीचे हेडलाइट काचेचे राहिलेले नाहीत. असं करत करत १७,८०० मधले १२,३५० उरले. त्यातून सक्तीचे १,००० रुपये आणखी वजा, ज्याला वर्कशॉपवाले 'फाइल चार्ज' म्हणतात. १५०० सीसीच्या वरच्या गाडीला ते २,००० असतात. कंपनीकडून मिळणार होते ११,३५०. त्यापायी पाच वर्षांत जाणार होते ११,८००.

म्हणजे जवळपास बरोबरी. नाशिकमध्ये आमच्या सातपूरकडच्या एका गॅरेजवाल्याने हेडलाइटच्या कानाला प्लास्टिक वेल्डिंग करून, बंपर हीट गनने सरळ करून, फेंडरचा पोचा काढून, रंगासकट सगळं दहा हजारांत करून दिलं. इथे क्लेम न घेणं शहाणपणाचं होतं. गाडी नवी असती, झिरो डेप असता आणि बिल चाळीस-पन्नास हजारांचं असतं, तर क्लेम घेण्यात काही गैर नव्हतं.

आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. एनसीबी गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी गाडी विकून मोठी गाडी घ्यायचा बेत असेल तर ही ५० टक्के सूट नव्या गाडीच्या मोठ्या ओडी हप्त्यावर मिळते, आणि तेव्हा ती फार मोलाची ठरते. अशा माणसाने बारीकसारीक क्लेम घेऊ नये, असं मला वाटतं. पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण केलं नाही तर मात्र ती सूट क्लेम न घेताही जाते. आणि क्लेम घेऊन कंपनी बदलायची नि नव्या कंपनीला 'क्लेम नव्हता' म्हणून सांगायचं, ही युक्ती कुणी सुचवली तर ऐकू नका. नवी कंपनी जुनीकडे विचारणा करते, आणि खोटं निघालं तर ऐन गरजेच्या वेळी क्लेम नाकारला जातो.

गाडीचं एवढंच. आता त्या माणसाचं.

धक्का लागला तो गंगापूर रोडवर, जेहान सर्कलच्या अलीकडे. संध्याकाळची वेळ, पावसाची भुरभुर. मी इंडिकेटर देऊन डावीकडच्या गल्लीत वळत होते आणि तो दुचाकीवरून माझ्या डाव्या अंगाने सरळ पुढे चालला होता. वेग दोघांचाही कमी होता. फेंडरला त्याचं हँडल लागलं, गाडी तिरकी झाली आणि तो उजवा हात टेकत पडला. सातपूरच्या एका कारखान्यात कंत्राटी फिटर. रात्रपाळीला निघाला होता. हेल्मेट होतं. कोपर खरचटलं होतं, पॅंट गुडघ्याला फाटली होती आणि डबा रस्त्यावर उघडा पडला होता.

पाच मिनिटांत दहा-पंधरा माणसं जमली. नेहमी होतं तसंच झालं: दोघांनी त्याची गाडी उचलून कडेला लावली, एकाने पाणी दिलं, आणि बाकीच्यांनी निवाडा सुरू केला. चारचाकीवाल्याची चूक, हा पहिला निवाडा. त्यावर मी चिडले नाही. ज्याच्याभोवती पत्रा आहे त्याने ज्याच्याभोवती काही नाही त्याला सांभाळून घ्यायचं, हा रस्त्यावरच्या लोकांचा कायदा आहे आणि त्यात तथ्य आहे. दुसरा निवाडा लगेच आला: 'मॅडम, पाचशे-हजार द्या नि मिटवा इथंच. कशाला दोघांचा वेळ घालवता?' हे म्हणणारा माणूसही वाईट नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की तो आम्हा दोघांचीही सोय पाहतोय.

मला ठळक आठवतं ते हे, की पडलेल्या माणसालाच मिटवायची सगळ्यात जास्त घाई होती. 'काही नाही झालं मॅडम, जाऊ द्या,' असं तो उठता उठता म्हणाला. पैसेही त्याने मागितले नाहीत. डाव्या हाताने उजवं मनगट धरून उभा होता आणि सारखा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहत होता. पोलीस येतायत का, हे तो पाहत होता, एवढं माझ्या लक्षात आलं. कारण नंतर कळलं. त्याची दुचाकी २०१९ मधली. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीबरोबर पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो, तसा त्यानेही घेतला होता. पाच वर्षं संपली आणि पुढचा हप्ता भरायचा राहून गेला. विना विमा गाडी चालवल्याचा पहिला दंड २,००० रुपये असतो. त्या दोन हजारांच्या धाकाने तो स्वतःच्या मनगटाकडे बघायला तयार नव्हता.

मी त्याला जवळच्या हॉस्पिटलात घेऊन गेले. गाडीत बसायला तो तयार नव्हता, सीट ओली होईल म्हणून. हॉस्पिटलात एक्स-रे काढला. डॉक्टरांनी बराच वेळ फिल्म पाहिली, अंगठ्याच्या बुडाशी जो खळगा असतो तिथे दाबून पाहिलं, आणि तो कळवळला. ते म्हणाले, 'आत्ता एक्स-रेमध्ये काही दिसत नाही. पण इथलं हाड सुरुवातीला फसवतं. स्प्लिंट लावतो. दहा-बारा दिवसांनी परत या, नक्की या.'

तिथूनच मी आमच्या सोसायटीतल्या काकांना फोन केला. त्यांचं सगळं आयुष्य एका विमा कंपनीत गेलं, बराचसा काळ मोटार क्लेमच्या टेबलावर. मी विचारलं होतं ते एवढंच, की आता कंपनीला कळवायचं का. ते म्हणाले, 'हे बघ, गाडीला लागलं असतं तर कळवायचं की नाही हा तुझा प्रश्न होता. माणसाला लागलंय. आता तो तुझ्या एकटीचा प्रश्न राहिला नाही.'

मग त्यांनी मला फोनवर जे समजावलं ते मला या वयापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी पंचवीस-एक वर्षं गाडी चालवते आहे. मोटार वाहन कायद्याचं १३४ वं कलम म्हणतं, अपघातात कुणाला लागलं तर चालकाने त्याला उपचार मिळतील असं बघायचं, पोलीस जागेवर नसतील तर लवकरात लवकर आणि फार तर चोवीस तासांत जवळच्या ठाण्यात कळवायचं, आणि विमा कंपनीला लेखी कळवायचं. चूक कोणाची, लागलं किती, 'मिटलं' की नाही, यातलं काही ते कलम विचारत नाही. पॉलिसीच्या मागच्या पानांवरही एक अट असते: कंपनीच्या लेखी संमतीवाचून समोरच्याला भरपाई द्यायची नाही, कबूल करायची नाही. म्हणजे रस्त्यावर पाचशे रुपये देऊन मिटवणं हा जो आपल्याला सर्वांत साधा मार्ग वाटतो, त्याने पुढे काही निघालंच तर आपलंच संरक्षण धोक्यात येतं.

'मग हॉस्पिटलचं बिल?' मी विचारलं.

'ते भर. माणसाला दवाखान्यात नेणं कायद्यानेच सांगितलंय. कंपनीला मेलमध्ये लिही की माणुसकी म्हणून उपचाराचा खर्च करते आहे, जबाबदारी कबूल करत नाही. आणि त्याच्याकडून "प्रकरण मिटलं" असं काही लिहून घेऊ नकोस. चुकूनही नको.'

त्या रात्री मी कंपनीला मेल केली. तारीख, वेळ, जागा, दोन्ही गाड्यांचे नंबर, काय झालं ते चार ओळींत. ओन डॅमेजचा क्लेम मागत नाही, एका दुचाकीस्वाराला लागलं आहे म्हणून ही सूचना. मग पोलीस ठाण्यात गेले. नवरा बरोबर आला, पण त्याला ते अजिबात पटलं नव्हतं. वाटेत तो म्हणाला, 'अगं, समोरचा माणूस जाऊ द्या म्हणतोय आणि आपण आपल्या पायांनी पोलिसांत चाललोय.' ठाणे अंमलदारांनी माझं म्हणणं लिहून घेतलं आणि नोंद केली. जखमीची तक्रार आहे का, असं विचारलं. आत्ता नाही, असं मी सांगितलं.

दहा-बारा दिवसांनी त्याच्या बायकोचा फोन आला. 'ताई, ह्यांच्या हाताचा दुसरा फोटो काढला. मोडलाय म्हणतात.' स्कॅफॉइड हे मनगटातलं काजूएवढं हाड. पडताना माणूस तळहात टेकतो तेव्हा ते मोडतं, पहिल्या एक्स-रेत बरेचदा दिसत नाही, आणि त्याला रक्तपुरवठा बेताचा असल्यामुळे ते जुळायला वेळ लागतो. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि किमान सहा-आठ आठवडे कामाचं नाव काढायचं नाही म्हणून सांगितलं. फिटरचा उजवा हात. रोजावर काम, त्यामुळे हजेरी नाही तर पैसे नाहीत. कंत्राटदाराने ईएसआयसीत, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा योजनेत, नाव घातलेलं नव्हतं.

रस्त्यावर पाचशे रुपये देऊन आम्ही दोघं आपापल्या वाटेने गेलो असतो, तर हे मला कधी कळलंही नसतं. त्या विचाराने मी फार अस्वस्थ झाले आणि अजूनही होते. किती लोक असे 'मिटवून' घरी जात असतील, आणि आठवड्याने त्यांच्या हातापायाचं, पाठीचं, डोक्याचं काय निघत असेल, याचा पत्ता गाडी चालवणाऱ्याला लागतच नाही. त्याला वाटतं, आपण चांगले वागलो, पैसे दिले, भांडलो नाही.

आता खरा निर्णय समोर आला, आणि तो गाडीच्या हिशोबासारखा मुळीच नव्हता.

काकांनी सांगितलं, हाड मोडणं ही कायद्याच्या भाषेत गंभीर दुखापत. १ एप्रिल २०२२ पासून मोटार वाहन कायद्याचं १६४ वं कलम लागू आहे. त्यानुसार मोटार अपघातात गंभीर दुखापत झाली तर अडीच लाख आणि मृत्यू झाला तर पाच लाख रुपये भरपाई, आणि त्यासाठी चूक कोणाची हे सिद्ध करावं लागत नाही. अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे करायचा. २०१९ च्या दुरुस्तीने त्याला सहा महिन्यांची मुदत घातली आहे. त्याच्या स्वतःच्या दुचाकीचा विमा नव्हता म्हणून त्याचा हा हक्क जात नाही. विमा नसल्याचा दंड ही वेगळी गोष्ट, तो भरावा लागेल. पण माझ्या गाडीच्या बाबतीत तो तिसरा माणूस, आणि माझ्या पॉलिसीतला थर्ड पार्टीचा भाग त्याच्यासाठीच आहे.

हे ऐकून मी पॉलिसीचा कागद पुन्हा काढला. १००० ते १५०० सीसीच्या गाडीला थर्ड पार्टीचा हप्ता ३,४१६ रुपये. जून २०२२ पासून हाच दर आहे आणि तो कंपनी नाही, सरकार ठरवतं. दरवर्षी हा आकडा माझ्या डोळ्यांखालून गेला होता. मी त्याच्याकडे कर भरावा तसं पाहत होते: भरावाच लागतो, उपयोग काही नाही. पण तो माझ्यासाठी नाहीच. तो पहिल्यापासून रस्त्यावरच्या कुणा अनोळखी माणसाच्या नावाने भरलेला होता, आणि आता त्या माणसाला नाव मिळालं होतं. आपल्याकडे या सक्तीच्या विम्याचं प्रकरण १ जुलै १९४६ पासून लागू झालं. धडक देणाऱ्याच्या खिशात पैसे आहेत की नाहीत यावर जखमी माणसाचं नशीब अवलंबून राहू नये, एवढाच त्यामागचा विचार. तो मला आजही फार मोलाचा वाटतो.

मग अडचण कुठे होती? दाव्याला पोलिसांची कागदपत्रं लागतात. त्याने जबाब दिला की गुन्हा नोंदला जाणार, आणि त्यात आरोपी म्हणून माझं नाव येणार. भारतीय न्याय संहितेचं २८१ कलम, निष्काळजीपणे वाहन चालवणं. आणि १२५, दुसऱ्याला इजा. हाड मोडलं असेल तर त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जामीनपात्र आहे, असं काका दोनदा म्हणाले. तरी 'आरोपी' हा शब्द स्वतःच्या नावापुढे वाचायला मन तयार होत नाही. मी कॉलेजात शिकवते. पासपोर्टचं नूतनीकरण तोंडावर आलं होतं. माझ्या पोटात गोळा आला.

नवऱ्याचं म्हणणं मला इथे पूर्ण मांडलं पाहिजे, कारण ते स्वार्थी माणसाचं नव्हतं. तो म्हणाला, 'आठ आठवड्यांचा रोज म्हणजे तीस हजारांच्या आत-बाहेर. आपण त्याला चाळीस देऊ. उद्याच देऊ. त्याला आत्ता पैसे लागतात, कोर्टात किती वर्षं लागतील कोण जाणे. वकील वेगळा. तुझ्यावर केस नाही, त्याला दंड नाही. यात कोणाचं वाईट आहे?' मला उत्तर लगेच सुचलं नाही. आपल्या न्यायालयांचा वेग माहीत असलेल्या कुणालाही ते सुचणार नाही.

पण त्या चाळीस हजारांची किंमत आम्ही ठरवत होतो. अडीच लाखांचा हक्क आहे हे ज्याला माहीत नाही त्याच्यापुढे चाळीस हजार ठेवले तर तो घेणारच, आभारही मानणार. आमच्याकडे माहिती होती, काका होते, सवड होती. त्याच्याकडे मोडलेला हात आणि दोन हजारांच्या दंडाची भीती. अशा दोन माणसांत 'आपसात मिटलं' याचा अर्थ एकाने ठरवलं आणि दुसऱ्याने मान डोलावली, एवढाच होतो. आणि हाड नीट जुळलंच नाही तर? स्कॅफॉइड कधी कधी जुळत नाही, मग ऑपरेशन लागतं. तेव्हा त्या चाळीस हजारांचं काय करायचं?

शेवटी मी एवढंच करायचं ठरवलं की निर्णय त्याचा त्याला घेऊ द्यायचा, पण सगळं माहीत असताना. आम्ही दोघं त्याच्या घरी गेलो. शिवाजीनगरच्या वरच्या अंगाला दोन खोल्या. त्याच्या बायकोने चहा ठेवला. मी १६४ कलम, सहा महिन्यांची मुदत, त्याचा दंड, माझ्यावर होणारा गुन्हा, सगळं जसं मला कळलं होतं तसं सांगितलं. नवऱ्याने आपलं म्हणणंही सांगितलं, वकिलाला आणि कोर्टाला लागणाऱ्या वेळासकट. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात कमी उत्पन्नाच्या माणसाला मोफत वकील मिळतो, हेही सांगितलं. तो बराच वेळ प्लास्टरच्या कडेतून निघालेला कापूस आत सारत बसला. मग म्हणाला, 'पण ताई, तुमच्यावर केस होईल ना.'

या वाक्याने मला जेवढी लाज वाटली तेवढी त्या सगळ्या काळात कशानेही वाटली नाही. हाड त्याचं मोडलं होतं.

मी म्हटलं, 'दादा, ते माझं मी बघते. तुम्ही तुमच्या हाताचं बघा.' तेव्हा त्याची बायको पहिल्यांदा बोलली. तिने आम्हाला विचारलं ते फार नेमकं होतं: 'कोर्टाचे पैसे येईपर्यंत घर कसं चालवायचं?' त्यासाठी आम्ही दोन महिन्यांचं किराणा सामान भरलं आणि मुलांच्या शाळेची फी भरली. कंपनीला तेही लेखी कळवलं, मदत म्हणून, भरपाई म्हणून नाही. काकांना ते फारसं आवडलं नाही, पण त्यांनी मेलचा मसुदा स्वतः तपासून दिला.

त्याने जबाब दिला. गुन्हा नोंदला गेला, मला ठाण्यात बोलावून नोटीस दिली, कागदांवर सह्या झाल्या. जेवढी भीती वाटली होती तेवढं भीतिदायक काही घडलं नाही. सगळे नीट बोलले. पासपोर्टच्या अर्जात प्रकरण प्रलंबित असल्याचं लिहावं लागणार आहे, तेवढं लिहीन. त्याला दोन हजारांचा दंड झाला, तो त्याने भरला. आणि लगेच दुचाकीचा थर्ड पार्टीही भरला. ७५ ते १५० सीसीच्या गाडीला ७१४ रुपये आणि वर जीएसटी. पावतीचा फोटो त्याने मला पाठवला.

आमच्या पॉलिसीचं नूतनीकरण मध्यंतरी झालं. एनसीबीच्या रकान्यात ५० टक्केच आहेत, कारण थर्ड पार्टीच्या दाव्याचा ओडीच्या सवलतीशी संबंध येत नाही. हे अनेकांना माहीत नसतं, आणि 'बोनस जाईल' या धाकाने ते जखमी माणसाचीही बातमी कंपनीला देत नाहीत. तो धाक निराधार आहे, एवढं तरी या लेखातून कुणाला कळलं तर मला बरं वाटेल.

प्लास्टर निघालं आहे. तो कामावर जातो, पण पाना जोराने आवळताना मनगट दुखतं म्हणतो. न्यायाधिकरणात अर्ज दाखल झाला आहे, कंपनीचा वकील हजर झाला आहे. नवऱ्याला अजूनही वाटतं की चाळीस हजार हातात दिले असते तर सगळेच लवकर मोकळे झाले असते, आणि यावर आमचं अधूनमधून बोलणं होतं. साक्षीसाठी मला बोलावतील असं वकिलांनी कळवलं आहे. पुढच्या तारखेची रजा मी टाकून ठेवली आहे.